बाबासाहेब उपाशी राहिले, म्हणून आमची लेकरं उपाशी ठेवायची का?



गेल्या महिन्यात कंधार तालुक्यातल्या एका गावात, विहारात, एका मुलीचा सत्कार होता. इंग्लंडमधल्या विद्यापीठात तिला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे. वडील शेतमजूर, आई बचत गटात. रस्त्यावर मोठा बॅनर लागला होता. बॅनरवर तिचा फोटो लहान आणि शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. पाच जणांची भाषणं झाली. शेवटचे वक्ते आपल्याच चळवळीतले, केस पिकलेले, त्यांच्याविषयी मला आदर आहे. ते म्हणाले, "पोरी, तिथे गैरसोय झाली तर कुरकुर करू नकोस. बाबासाहेबांनी लंडनमध्ये पावाच्या तुकड्यावर दिवस काढले. तू तर नशीबवान आहेस." टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली. मी एक वर्ष तिकडे राहून आलोय हे तिला माहीत होतं. तिने स्कॉलरशिपचं विचारलं नाही, विद्यापीठाचं विचारलं नाही. तिने विचारलं, "दादा, पैसे उशिरा आले तर पहिल्या महिन्याचं भाडं कशातून भरायचं?" तिची आई मागे उभी होती. ती म्हणाली, "लेकराला तिकडं खायला काय भेटतंय?"

पाच भाषणांत या दोन प्रश्नांची उत्तरं नव्हती. आणि जे एक उत्तर दिलं गेलं, ते बाबासाहेबांच्या नावाने दिलं गेलं. म्हणून हा लेख.

आधी बाबासाहेबांचा हिशोब नीट वाचू

बाबासाहेब उपाशी राहिले ही गोष्ट खरी आहे. पण ती आपण कीर्तनासारखी सांगतो, हिशोबासारखी सांगत नाही. हिशोब असा आहे.

१९१३ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना अमेरिकेला जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. त्या साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कचं राहणं, जेवण, पुस्तकं, आणि त्यातूनच घरी मुंबईला पैसे पाठवणं. कोलंबियाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात जेवण पटलं नाही म्हणून ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. म्हणजे खोली शोधणं, खोली बदलणं, जेवणाची सोय लावणं या सगळ्या कटकटी त्यांनाही होत्या.

पुढे १९१६ साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परत आले. का? बुद्धी कमी पडली? मेहनत कमी पडली? शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून! विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची सवलत दिली. ते परत जाऊ शकले १९२० साली. मधली तीन वर्षं गेली. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून एकेक पैसा साठवला, भाथेनांकडून कर्ज घेतलं, शाहू महाराजांची मदत घेतली, तेव्हा कुठे बोटीत बसले.

लंडनच्या त्या दुसऱ्या मुक्कामात पोटाला चिमटा घेऊन ते ग्रंथालयात बसत. बोर्डिंग हाऊसचं जेवण अपुरं, दुपारचं जेवण टाळलेलं, रात्री भूक असह्य झाली की एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. धनंजय कीरांनी चरित्रात हे लिहून ठेवलंय. पैसे संपले तेव्हा १९२१ साली त्यांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून कर्जाऊ रक्कम मागितली. आणि इकडे परळच्या चाळीत रमाई काय खात होती? तिने आयुष्यात चार लेकरं मातीआड केली. बाबासाहेबांच्या शिक्षणाची किंमत एकट्या बाबासाहेबांनी मोजलेली नाही.

आता मला सांगा, या हिशोबातून काय निघतं? उपासमार ही पदवीची पायरी आहे, असं निघतं? की पैशांअभावी या देशाने आपल्या सगळ्यात मोठ्या विद्वानाची तीन वर्षं वाया घालवली, असं निघतं?

बाबासाहेबांनी भूक सोसली, पण भुकेचं कौतुक केलं नाही. त्यांनी पत्रं लिहिली, कर्ज मागितलं, हक्क मागितला. आणि हातात अधिकार आल्याबरोबर काय केलं? १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लॉर्ड लिनलिथगोंना सविस्तर निवेदन दिलं. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला, त्यात परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद मागितली. ती मिळवली आणि आपली मुलं परदेशी पाठवली. "मी उपाशी शिकलो, तुम्हीही शिका" असं म्हणायचं असतं तर ते निवेदन लिहिण्याची गरज काय होती? आपण भोगलं ते पुढच्याने भोगू नये, हा आंबेडकरवाद. आपण भोगलं म्हणून पुढच्यानेही भोगावं, ही सासूगिरी झाली.

आता आमचा हिशोब

मी ज्या शिष्यवृत्तीवर गेलो तिचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर चर्चा एका कार्यालयाची होईल आणि रोग सगळीकडचा आहे.

जाण्याआधीची धावपळ तुम्हाला माहीत आहे. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. कंधारहून लोह्यामार्गे नांदेड, नांदेडहून रात्रभर ट्रॅव्हल्सने पुणे, एका कागदावर शिक्का नाही म्हणून परत कंधार. वडिलांची त्या दिवसांची मजुरी मोजली तर तीच एक फी होते. पण हे सगळं निदान आपल्या भाषेत, आपल्या माणसांत घडतं. खरी परीक्षा विमानातून उतरल्यावर सुरू होते.

पहिली गोष्ट खोली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात मी खोली बघायला गेलो. एजंट म्हणाला, इंग्लंडमध्ये राहणारा, चांगला पगार असलेला जामीनदार आणा. नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा. माझ्यासोबत पुण्याचा एक मुलगा होता. त्याने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. लेस्टरला त्याचे मामा. दहा मिनिटांत जामीनदार तयार. मी कोणाला फोन लावणार होतो? आमच्या आख्ख्या वस्तीतून पासपोर्ट काढणारा मीच पहिला.

मित्रांनो, जात म्हणजे नुसता विटाळ नव्हे. जात म्हणजे लेस्टरचे मामा. ज्यांच्या तीन पिढ्या शिकल्या, परदेशी स्थायिक झाल्या, त्यांच्या मुलासाठी परदेश म्हणजे मामाचं गाव. त्याला स्वेटर कुठून घ्यायचा हे आत्या सांगते, बँकेचं खातं कसं उघडायचं हे चुलतभाऊ सांगतो. आमच्या मुलाला हे सगळं चुका करून, पैसे घालवून शिकावं लागतं. आणि मग दोघांचे मार्क शेजारी ठेवून म्हणायचं, बघा मेरिट!

बँकेचं खाते उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो, पत्त्याला खोली लागते, खोलीला भाडं लागतं, आणि भाड्याचे पैसे खातं उघडल्याशिवाय जमा होत नाहीत. या चक्रात माझे तीन आठवडे गेले. तोवर एका पाकिस्तानी विद्यार्थ्याच्या खोलीत जमिनीवर झोपलो. त्याने जात विचारली नाही, भाडंही घेतलं नाही. पुढे खोली मिळाली ती अशा घरात की विजेचं मीटर आधी पैसे भरून चालायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन कार्डात दहा पौंड भरायचे, संपले की अंधार आणि थंडी. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मीटर वाचवायला मी ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथेच बसायचो. लोकांना वाटायचं, काय अभ्यासू पोरगा आहे!

खाण्याचं सांगतो, कारण त्या माऊलीने विचारलंय. गुजराती दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, महाग मिळतं. तूरडाळ, मसूर, तांदूळ मिळतो. सुपरमार्केटात संध्याकाळी मुदत संपत आलेल्या वस्तूंवर पिवळी चिठ्ठी लावून किंमत उतरवतात, ती वेळ पाठ करून ठेवायची. पहिल्यांदा तव्यावर मिरच्या भाजल्या ठेच्यासाठी, तर धुराचा भोंगा वाजला आणि आख्खं घर रस्त्यावर. म्हणजे माणूस उपाशी मरत नाही, मावशी. पण पैसे वेळेवर आले तर.

माझा निर्वाह भत्ता चार महिने आला नाही. मेलला उत्तर नाही, फोन उचलला तर "फाइल प्रोसेसमध्ये आहे". त्या चार महिन्यांत मी आठवड्याला वीस तास, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जेवढी मुभा आहे तेवढे, एका गोदामात रात्री खोकी उचलली. सकाळी वर्गात डुलक्या. मी पास झालो. पण जे वाचायला गेलो होतो त्यातलं अर्धं वाचायचं राहून गेलं. हे नुकसान कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

"नशीबवान" म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी करावी

केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये आणि महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमध्ये ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता कागदावर आहे वर्षाला ९,९०० पौंड. म्हणजे महिन्याला ८२५. गेली कित्येक वर्षं हाच आकडा.

ब्रिटनचं सरकार २०२५ साली काय म्हणत होतं? विद्यार्थी व्हिसा देताना राहण्या-खाण्याचा खर्च म्हणून २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी लंडनसाठी महिना १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड धरले. नऊ महिन्यांचे लंडनचे होतात १३,३४७. आपलं सरकार बारा महिन्यांसाठी देतं ९,९००! म्हणजे वेळेवर, पूर्ण भत्ता मिळाला तरी २०२५ च्या त्या हिशोबाने लंडनमधला आपला विद्यार्थी महिन्याला ६५८ पौंडांनी कमी पडत होता, लंडनबाहेरचा ३११ पौंडांनी. ही तूट शिष्यवृत्ती मंजूर झाल्याच्या दिवसापासूनच ठरलेली आहे. ती भरून कोण काढतं? गोदामातली रात्रपाळी आणि बापाची गहाण पडलेली दीड एकर जमीन.

आणि भत्त्याच्याही आधी प्रवेशाचं दार. राज्याची योजना २००३ सालची, जागा ७५. लोकसंख्या बघा आणि जागा बघा. २०२४ साली त्यावर ७५ टक्के गुणांची अट आणि खर्चावर ३०-४० लाखांची मर्यादा आणली गेली, तेव्हा आपल्याच विद्यार्थ्यांना आवाज उठवावा लागला. केंद्राने २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास, भारतीय समाज असे विषय परदेशात शिकायला शिष्यवृत्तीच बंद केली. म्हणजे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जातींवर जो निबंध वाचला, तो विषय घेऊन आज कोणी गेलं तर त्याला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. २०२५-२६ साठी १०६ जणांची निवड झाली आणि सुरुवातीला पत्रं मिळाली फक्त ४० जणांना. बाकी ६६ जणांना सांगितलं, निधी उपलब्ध झाला तर बघू.

लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोड या ज्या घरात बाबासाहेब पैशांची चणचण सोसत राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली कोट्यवधी रुपये देऊन विकत घेतलं. चांगलं केलं. मी ते बघायला गेलो, पायरीवर डोकं टेकवलं. पण परत येताना बसभाडं वाचवायला चालत आलो, कारण तो भत्ता न आलेला चौथा महिना होता. भुकेचं स्मारक बांधायला पैसा आहे, भूक थांबवायला नाही. यालाच मी पाखंड म्हणतो.

काही आक्षेप येतील

पहिला आक्षेप आपल्यातलेच लोक घेतात. "इथे वसतिगृहात जागा नाही, स्वाधार योजनेचे पैसे वर्षवर्ष येत नाहीत, आणि तुम्ही लंडनचं रडगाणं लावलंय." मी म्हणतो, दोन्ही रडगाणी एकच आहेत. नांदेडला खोली करून राहणारं पोरगं आणि लंडनला राहणारं पोरगं, दोघांच्या फाइली एकाच वृत्तीच्या टेबलावर अडतात. उशिरा आलेली शिष्यवृत्ती ही नाकारलेली शिष्यवृत्तीच असते. एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं करणं, हे व्यवस्थेला हवंच आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "गेलेले परत येत नाहीत, समाजाला विसरतात." हे घडतं, नाकारत नाही. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनीही शिकलेल्या लोकांविषयी हीच खंत बोलून दाखवली होती. पण दुसरी बाजूही बघा. करार पाळायला बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला गेले. न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली, लंडनमध्ये मिळाली. बडोद्यात मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत राहिले तर काठ्या घेतलेले लोक दारात आले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः लिहिलंय की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे त्यांच्या मनातून पुसलं गेलं होतं. मायदेशी पाय ठेवताच ते पुन्हा आठवावं लागलं. परत न येणाऱ्याला दोष देण्याआधी परत आलेल्याला आपण काय देतो हेही विचारा. मी परत आलो. मला एक शाल, एक नारळ आणि तासिका तत्त्वावरची नोकरी मिळाली.

तिसरा आक्षेप सवर्ण मित्रांचा. "तिकडे कुठे जात असते?" आता असते. ती आपल्या लोकांच्या सामानातून जाते. "फक्त शाकाहारी" अशी अट घातलेल्या खोल्यांच्या जाहिराती मी तिथे आपल्याच देशबांधवांच्या वाचल्या. फोनवर गोड बोलून झाल्यावर आडनाव विचारायचे, आणि मग खोली "कालच गेलेली" असायची. ब्रिटनच्या संसदेने २०१३ साली समानता कायद्यात जातीचा उल्लेख आणण्याचं ठरवलं. २०१८ साली तिथल्या सरकारने ते सोडून दिलं. पण परमिला तिर्की या बिहारहून नेलेल्या घरकामगार बाईने तिथल्या न्यायाधिकरणात लढून २०१५ साली भरपाई मिळवली. अमेरिकेत सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली; त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेलं विधेयक गव्हर्नरने अडवलं. जात तिकडे नसती तर हे कायदे कशासाठी, आणि त्यांना विरोध तरी कशासाठी?

मग करायचं काय?

सरकारकडे मागायचं ते स्पष्ट मागू. पहिला हप्ता विमानात बसण्याआधी खात्यात. भत्ता त्या त्या देशाच्या व्हिसा हिशोबाला जोडलेला, दरवर्षी आपोआप वाढणारा. उशीर झाला तर जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि व्याज. निवड झालेल्या प्रत्येकाला पूर्ण निधी; निवड करून "बघू" म्हणणं बंद. यासाठी नांदेडच्या सामाजिक न्याय भवनासमोर बसावं लागलं तर बसू. आपल्या नांदेडने नामांतरासाठी रक्त दिलंय, गौतम वाघमारे याच शहरात जळाले. भत्त्यासाठी धरणं देणं त्यापुढे काहीच नाही.

पण सगळं सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. लेस्टरचे मामा आपल्याला जन्माने मिळाले नाहीत, म्हणून ते संघटनेने निर्माण करावे लागतील. 'संघटित व्हा' याचा रोजच्या जगण्यातला अर्थ हाच. तालुक्यातल्या प्रत्येक जयंती मंडळाने डीजेच्या खर्चातला काही भाग बाजूला काढला तर एका विद्यार्थ्याचं तीन महिन्यांचं भाडं उभं राहतं. भत्ता आला की त्याने ते परत करायचं, म्हणजे पुढच्याला मिळेल. हे दान नव्हे, फिरता निधी आहे. भाथेनांनी एका मित्रासाठी केलं ते आपण वस्तीसाठी करायचं. आणि जे जाऊन आलेत, तिकडे आहेत, त्यांनी एवढंच करावं: खोली, बँक, दवाखाना, मीटर, किराणा, नोकरीचे नियम, कुठे फसवणूक होते, हे सगळं सोप्या मराठीत लिहून ठेवावं. जे तिथे स्थिरावलेत त्यांनी वर्षाला एका मुलाचं जामीनदार व्हावं.

त्या मुलीला मी रात्री घरी जाऊन भेटलो. तिच्या वडिलांनी जमिनीचे कागद काढून ठेवले होते. मी म्हटलं, काका, पंधरा दिवस थांबा. आम्ही नऊ जण आहोत, पहिल्या दोन महिन्यांचं भाडं आणि थंडीचे कपडे आमच्याकडे लागले. तिसऱ्या महिन्याचं अजून जमायचंय. तिला मी माझ्या चुकांची वही दिली. तिच्या पहिल्याच पानावर लिहिलंय: मिरच्या भाजताना खिडकी उघडी ठेवणे.

ज्या वक्त्यांनी पावाच्या तुकड्याचं उदाहरण दिलं त्यांनाही मी फोन केला. भांडलो नाही. म्हटलं, सर, पुढच्या सत्काराला बॅनर नको, तिसऱ्या महिन्याचं भाडं द्या. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "किती लागतंय, सांग."

तुम्हालाही तेच विचारतोय.

जय भीम! जय संविधान!